सगळं सिलॅबसमध्ये आहे

मे महिना संपत आला की अमेरिकेतल्या विद्यापीठांना सुट्टीचं वारं लागतं. कुणी प्राध्यापक कॉन्फरन्सच्या नावाखाली युरोप फिरून येतात, कुणी परसात टोमॅटो लावतात, कुणी वर्षभर टाळलेला पेपर लिहायला बसतात आणि तो ऑगस्टपर्यंत टाळतात. केमिस्ट्रीच्या इमारतीत मात्र एक गृहस्थ रात्री उशिरापर्यंत दिवा लावून बसलेले दिसतात. त्यांना समर सेशनला ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवायची असते आणि त्याआधी सिलॅबस लिहायचा असतो. शिकवणं हे त्यांच्या लेखी दुय्यम काम, ते कुणीही करतं. सिलॅबसला प्रतिभा लागते.

न्यू जर्सीत पीएचडी करताना मी काही उन्हाळे अशाच एका गृहस्थांच्या हाताखाली टीए म्हणून काढले. टीए म्हणजे प्रॅक्टिकल घेणारा, पेपर तपासणारा आणि प्रोफेसर चिडले की नेमका समोर असणारा विद्यार्थी. दुसऱ्या विद्यापीठांतले मित्र आपापल्या समरवाल्यांची वर्णनं करायचे, तेव्हा मला दर वेळी वाटायचं की हे आमचेच, फक्त गाडी वेगळी. साठीच्या आसपासचं वय, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात चार रंगांचं एकच जाडजूड बॉलपेन, त्यातला लाल रंग फक्त इलेक्ट्रॉनांसाठी राखीव. पायात कायम बंद बूट. डिपार्टमेंटच्या पिकनिकला समुद्रावर गेले तरी बंद बूट.

आपल्याकडे बीएस्सीचा अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, पेपर कुणी तिसराच काढतो आणि चौथा तपासतो. शिकवणाऱ्या सरांच्या हाती उरते ती जर्नलवरची सही. तिथे पुस्तक निवडायचं यांनी, पेपर काढायचा यांनी, ग्रेड द्यायची यांनी. म्हणून पहिल्याच दिवशी हे आपल्या राज्याची घटना लिहून पोरांच्या हातात ठेवतात. आमच्या गृहस्थांची घटना तेवीस पानांची होती. त्यातली ऑरगॅनिक केमिस्ट्री दीड पानात आटोपली होती.

उरलेली साडेएकवीस पानं म्हणजे सातबाराचा उतारा. प्रत्येक कलम ही फेरफाराची नोंद, आणि प्रत्येक नोंदीमागे कुठल्या तरी उन्हाळ्यातला कुणीतरी विद्यार्थी. कलम 3.6: परीक्षेला मॉडेल किट आणता येईल, जोडून ठेवलेले रेणू आणता येणार नाहीत. (एकानं बुटांच्या खोक्यात अख्खा धडा जोडून आणला होता.) कलम 5.4: तयार झालेला पदार्थ चाखू नये. केळ्याच्या वासाचं एस्टर बनवल्यावर चवही केळ्याचीच लागते का, हा प्रश्न एखाद्याला पडतोच. कलम 5.5: हेच एस्टर हाताला किंवा कपड्यांना लागलं असेल तर मधमाश्यांच्या पेट्यांकडे जाऊ नये. हे वाचून नवी मुलं हसतात. पण हे एस्टर, म्हणजे आयसोअमाईल ॲसिटेट, मधमाश्यांचंही रसायन आहे. एक माशी डंख मारते तेव्हा याच वासानं बाकीच्यांना बोलावते. शेतकी शाखेचा, घरी पेट्या असलेला एक मुलगा कधीतरी या वर्गात येऊन गेला असणार, एवढं कलमावरून कळतं. आणि कलम 6.1, जे दर वर्षी आणखी मोठ्या टायपात छापलं जाई: हाती पदार्थ येईपर्यंत सेपरेटिंग फनेलमधला कुठलाही थर सिंकमध्ये ओतू नये. दर वर्षी कुणीतरी नको असलेला थर जपून ठेवायचा आणि तीन तासांची मेहनत नळाखाली सोडून द्यायचा.

गृहस्थांवर हसण्याआधी त्यांचा हिशोब ऐकायला हवा, कारण तो बरोबर असतो. एरवी पंधरा आठवडे चालणारं सेमिस्टर उन्हाळ्यात सहा आठवड्यांत बसवायचं. सकाळी दोन-सव्वादोन तास लेक्चर, दुपारी तीन-चार तास प्रॅक्टिकल. जुलैच्या सुरुवातीला ऑरगॅनिक एक संपलं की श्वास न घेता ऑरगॅनिक दोन. सोमवारी अल्कीन, मंगळवारी अल्काईन, शुक्रवारी परीक्षा. म्हणजे एक दिवस दांडी मारली की नेहमीच्या टर्मचे अडीच दिवस बुडाले, आणि दोन दिवस ताप आला तर अख्खा आठवडा गेला. वर्गातल्या बहुतेकांना डॉक्टर व्हायचं असतं. मेडिकलच्या प्रवेशाला ऑरगॅनिक लागतं, एमकॅट या प्रवेशपरीक्षेला लागतं, आणि हिवाळ्यात ते पचलेलं नसतं म्हणून तर ही मंडळी उन्हाळ्यात आलेली असतात. एटीकेटी नावाची सोय अमेरिकेला माहीत नाही. अशा वेळी 'मेक-अप परीक्षा नाही' हे कलम 4.1 क्रूर वाटतं खरं, पण मेक-अप घ्यायची तरी कधी? पुढच्या शुक्रवारी पुढची परीक्षा उभी असते.

तरी नियम लिहिण्याचा नाद हा गरजेपलीकडचा होताच. विद्यार्थ्यांच्या ईमेलना गृहस्थ शब्दांत उत्तर देत नसत, कलमात देत. 'सर, मला बरं नाही' या ईमेलला उत्तर: 'पाहा 9.2'. 'परीक्षेला कॅल्क्युलेटर चालेल का?' उत्तर: '3.4'. एकानं वैतागून विचारलं, 'आपण माणसासारखं उत्तर का देत नाही?' त्यालाही उत्तर होतं: '2.7'. मी उघडून पाहिलं. त्यात प्रोफेसरांच्या ईमेलची शैली रुक्ष वाटल्यास राग मानू नये असं लिहिलं होतं.

त्यांच्या केबिनच्या दारावर एक कात्रण चिकटवलेलं असे. टेनेसीत, चॅटनूगाच्या विद्यापीठात, केन्यन विल्सन या संगीताच्या प्राध्यापकानं 2021 मध्ये आपल्या सिलॅबसमध्ये एका लॉकरचा नंबर आणि कुलपाचा आकडा लिहून ठेवला होता. आत 50 डॉलरची नोट. जो सिलॅबस वाचेल, त्याची. सेमिस्टर संपल्यावर त्यानं लॉकर उघडलं तर नोट जागच्या जागी. साऱ्या जगानं ही गोष्ट विनोद म्हणून वाचली. आमचे गृहस्थ ती शोकवार्ता म्हणून वाचत. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी पहिल्या दिवशी सिलॅबसवर वीस मार्कांची परीक्षा ठेवली.

लॅबचा पोशाख हे त्यांचं दुसरं रणांगण. न्यू जर्सीचा जुलै घामानं निथळणारा. सगळं विद्यापीठ अर्ध्या चड्डीत आणि स्लिपरांत. कलम 5.1 म्हणतं, घोट्यापर्यंत पँट आणि बंद बूट, नाहीतर घरी, आणि त्या दिवशीच्या प्रॅक्टिकलला शून्य. शून्याला घाबरून पोरं मागच्या टर्मला कुणी विसरून गेलेल्या पँटी शोधत स्टोअररूममध्ये यायची. तिथे एक खोकंच होतं. फुटबॉल टीममधला सहा फुटी गडी एकदा दवाखान्यातल्या हिरव्या पायजम्यात डिस्टिलेशन करत होता. पायजमा पोटरीपर्यंतच पोचत होता, म्हणून खाली चिकटपट्टीनं कागदी टॉवेल गुंडाळले होते. गृहस्थ आले, खाली वाकले, घोट्यापर्यंत आहे ना ते पाहिलं आणि मान डोलावून पुढे गेले. कलमात 'पँट' म्हटलं होतं, 'कापडाची' म्हटलं नव्हतं. पुढच्या वर्षी म्हटलं.

फक्त सेफ्टी गॉगलच्या बाबतीत त्यांच्याकडे चेष्टा, वाद, अपील काही नव्हतं. गॉगल कपाळावर सरकवलेला दिसला की बाहेर. असं का, ते 2022 च्या जूनमध्ये कळलं. त्यांनी टीएंसाठी केक आणला. केकवर आयसिंगचा एक वाकडा बाण होता. इलेक्ट्रॉनांची जोडी कुठून निघाली आणि कुठे गेली हे दाखवणारा हा बाण ऑरगॅनिकचा विद्यार्थी पहिल्या आठवड्यापासून काढतो आणि बहुधा उलटा काढतो. तो 1922 साली केरमॅक आणि रॉबिन्सन या दोघांच्या एका शोधनिबंधातून रसायनशास्त्रात आला. म्हणजे बाणाची शंभरी होती. लॅबमध्ये खायला बंदी (5.2), म्हणून आम्ही हात धुऊन कॉरिडॉरमध्ये उभ्यानं केक खाल्ला. खाता खाता गृहस्थ म्हणाले, रॉबिन्सनला पुढे नोबेल मिळालं, सगळ्यांना माहीत आहे. केरमॅकचं काय झालं? आम्ही गप्प. 1924 च्या जूनमध्ये एडिनबराच्या लॅबमध्ये संध्याकाळी एकटा काम करत असताना काचेतलं दाहक अल्कली उडून त्याच्या डोळ्यांत गेलं. दोन्ही डोळे गेले. वय 26.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण मराठी वाचकाला सांगायला हवं. तो केरमॅक आंधळा होऊन थांबला नाही. भारतात वैद्यकीय सेवेत नोकरी केलेल्या मॅकेंड्रिकबरोबर त्यानं 1927 मध्ये साथीचं गणित मांडलं, आणि ते ताडून पाहिलं ते 1905-06 च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंच्या आकड्यांवर. कोविडच्या काळात वर चढून खाली येणारी जी वक्ररेषा आपण रोज टीव्हीवर पाहत होतो, तिचं मूळ तिथे आहे. लिहिणारा मात्र त्या आकड्यांकडे पाहू शकत नव्हता. केक खाऊन आम्ही आत गेलो, आणि त्या दिवशी मी एका पोराला गॉगलवरून पहिल्यांदाच मनापासून ओरडलो.

वर्गात गृहस्थ सर्वात खुलायचे ते नियम मोडण्याचे प्रसंग सांगताना. गंमत आहे की नाही? मार्कोव्हनिकोव्हचा नियम आपल्याकडे बारावीलाही पाठ असतो: हायड्रोजन तिकडे जातो, जिथे आधीच जास्त हायड्रोजन आहेत. पण हायड्रोजन ब्रोमाईडचे प्रयोग अनेक वर्षं कधी सुलटे, कधी उलटे येत. रसायनशास्त्रज्ञ एकमेकांच्या हातांना दोष देत राहिले. 1933 मध्ये शिकागोत खराश आणि मेयो यांनी दाखवून दिलं की दोष हातांचा नाही, बाटलीचा. हवा लागून जुन्या अल्कीनमध्ये पेरॉक्साईड तयार होतं, आणि त्याचा नुसता अंश असला तरी क्रिया उलटते. हे सांगताना गृहस्थांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "प्रोफेसर, सिलॅबसमध्ये पेरॉक्साईड आहे का?" वर्ग हसला. त्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला आणि म्हणाले, "अजून सापडलेलं नाही." तेव्हापासून आम्ही टीए सवलतीला पेरॉक्साईड म्हणायला लागलो.

ते एकदा त्यांच्याच पायाखाली सापडलं. रोज साडेआठला पाच मिनिटांची क्विझ असे. क्विझ सुरू झाल्यावर येईल त्याला शून्य, सबब चालणार नाही. एका सकाळी त्यांची गाडी हायवेवर बंद पडली. ते आठ पंचेचाळीसला घामाघूम होऊन आले तेव्हा वर्ग हातात सिलॅबस घेऊन बसला होता. पहिल्या बाकावरच्या मुलीनं, जी पुढे वकील झाली तर मला नवल वाटणार नाही, कलम वाचून दाखवलं आणि विचारलं की वेळेवर आलेल्यांना पूर्ण मार्क मिळायला हवेत ना? दुसरा कुणी असता तर ओशाळला असता किंवा डाफरला असता. गृहस्थ उभ्या उभ्या विचार करायला लागले. मग त्यांचा चेहरा खराशबद्दल बोलताना व्हायचा तसा झाला. सगळ्यांना पूर्ण मार्क दिले, आणि संध्याकाळी मला बोलावून 'प्रोफेसर उशिरा आल्यास' हे सहा पोटकलमांचं नवं कलम वाचून दाखवलं. गाडी दुरुस्त करायची राहिली होती.

नियमांचा खरा मार आम्हा टीएंना बसे तो घरच्या लोकांकडून. माझं आडनाव यादीत पाहून एडिसनहून एका काकूंचा फोन आला.

"अरे, तू आपल्यातलाच ना? मग एवढंच सांग, आमच्या बाळ्याला किती पडले?"

मी म्हटलं, काकू, इथे 1974 चा कायदा आहे. मुलगा कॉलेजात गेला की त्याच्या मार्कांवर हक्क त्याचा. त्यानं लिहून दिल्याशिवाय विद्यापीठ सांगत नाही.

"आईला सुद्धा?"

"आईला तर आधी नाही."

"फी आम्ही भरायची आणि मार्क त्याचे? बरं, आकडा नको सांगूस. मी म्हणत जाते, बरोबर आला की नुसता खोक."

त्या आठवड्यात मला खरोखरच सर्दी होती. मी घाईघाईनं फोन ठेवला.

आणि मग ऑगस्ट. केकच्याच वर्षी अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन अटलांटिक सिटीला भरणार होतं, 11 ते 14 ऑगस्ट. आमच्या वर्गातली एक मराठी मुलगी लेझीम पथकात होती. नेमकं शुक्रवारी 12 तारखेला लॅबचं चेक-आऊट, म्हणजे आपल्या ड्रॉवरमधली काच मोजून परत करायची. न केल्यास दंड आणि ग्रेड रोखलेली. ती रजा मागायला गेली. कलम 9.1 मध्ये रजेची कारणं चार: धार्मिक सण, सैन्याची हजेरी, कोर्टाचं बोलावणं, विद्यापीठाच्या टीमची मॅच. गृहस्थांनी मला आत बोलावलं.

"हे धार्मिक आहे का?"

"नाही. नाटकं असतात, गाणी असतात, भाषणं असतात. जेवण असतं आणि जेवणाच्या रांगेबद्दलच्या तक्रारी असतात."

"मग खेळ?"

"लेझीम आहे," मुलगी आशेनं म्हणाली. तिनं फोनवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला.

"दमायला होतं?"

"खूप."

"कुणी हरतं?"

"नाही."

"मग खेळ नाही," ते म्हणाले, आणि आम्हाला वाटलं विषय संपला. पण संध्याकाळी त्यांची ईमेल आली, नुसता आकडा: '6.9'. मी उघडून पाहिलं. चेक-आऊट 12 ऑगस्टपर्यंत पूर्ण करावं, असं वाक्य होतं. 'पर्यंत' खाली लाल रेघ. त्याआधी करू नये असं कुठेच म्हटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी सात वाजता ते स्वतः लॅब उघडून उभे होते. मुलीची नऊवारी गाडीत हँगरला टांगलेली. त्यांनी एकेक बीकर, एकेक फ्लास्क उजेडात धरून पाहिला. कंडेन्सरला केसाएवढी चीर निघाली, त्याचे पैसे लावले. मग सही केली, आणि ती गार्डन स्टेट पार्कवेनं अटलांटिक सिटीला निघाली. दया वगैरे काही नव्हतं त्यात. पळवाट खरी होती म्हणून त्यांनी ती मान्य केली, आणि पुढच्या वर्षीच्या सिलॅबसमध्ये ती बुजवली. मात्र 9.1 मध्ये पाचवं कारण आलं: 'द्वैवार्षिक प्रादेशिक सांस्कृतिक अधिवेशन, लेखी पुराव्यासह'. मंडळाला हे कुणी कळवलं नाही, ते मी इथे कळवतो.

त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये मेटलँड जोन्स यांची बातमी आली. आयुष्य प्रिन्स्टनमध्ये शिकवण्यात गेलेलं, ऑरगॅनिकचं गाजलेलं पाठ्यपुस्तक नावावर, वय 84. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत त्यांच्या 350 विद्यार्थ्यांपैकी 82 जणांनी कोर्स फार कठीण असल्याचा अर्ज केला आणि विद्यापीठानं त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. डिपार्टमेंटमध्ये दोन तट पडले. मुलं लाडावलीत म्हणणारे एकीकडे, म्हाताऱ्यांना शिकवता येत नाही म्हणणारे दुसरीकडे. माझं मत विचाराल तर दोघंही निम्मेच बरोबर. आमच्या गृहस्थांनी बातमी शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि काळजीनं विचारलं, "त्यांच्या सिलॅबसमध्ये अर्जाबद्दल काही नव्हतं का?"

तेव्हा वाचकांपैकी कुणाची भाची, पुतण्या अमेरिकेत समर ऑरगॅनिकला बसणार असेल तर एवढी विनंती आहे. मेच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत घरात मुंज, लग्न, एकसष्टी काही काढू नका. काढलीच तर त्यांना बोलावू नका, पाचव्या कारणात मुंज बसत नाही, मी विचारून पाहिलं आहे. मार्कांसाठी टीएला फोन करू नका, खोकायला सांगू नका. आणि बॅग भरताना लाडवांच्या डब्याशेजारी घोट्यापर्यंत येणारी एक सुती पँट टाका. जुलैत तिथे फार उकडतं, पण 5.1 ला अजून तरी पेरॉक्साईड सापडलेलं नाही.